राजमलाचं गवत

मुन्नारहून वनखात्याची बस चहाच्या मळ्यांतून राजमलाला चढली आणि मळे एका रेषेत संपले. पुढे नुसतं गवत. समोर २,६९५ मीटर उंचीची अनाईमुडी. मी पाटणचा. आमच्या कोयनेच्या जंगलात गवा आहे, सांबर, भेकर, पिसोरी आहे; रानबकरा नाही. ताहर हा पश्चिम घाटातला रानबकरा नीलगिरी आणि तिच्या दक्षिणेच्या डोंगरांतच राहतो. त्याच्यासाठी एवढ्या लांब आलो.

रस्त्याच्या वरच्या अंगाला कळप चरत होता. माद्या करड्या-पिंगट, शिंगं मागे वळलेली. जरा बाजूला एक पोक्त नर, जवळजवळ काळा, पाठीवर रुपेरी डाग. एक पिल्लू तर कड्याच्या टोकावर निवांत उभं होतं; बघून माझ्याच पोटात गोळा आला. बिबट्या किंवा रानकुत्री आली, की कळप याच कड्यांचा आसरा घेतो. चरायला मोकळं गवत आणि लगोलग पळायला कातळ, दोन्ही हवंच.

गोऱ्या मळेवाल्यांनी हा माथा शिकारीसाठी राखला, म्हणून इथे चहा लागला नाही. १९७५ साली एरविकुलम अभयारण्य झालं, १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र अवघं ९७ चौरस किलोमीटर, पण जगात उरलेल्या तीनेक हजार ताहरांचा सर्वांत मोठा समूह इथलाच. इतर कित्येक माथ्यांवर युकॅलिप्टस आणि वॅटल लावले गेले. झाडं वाढली, ताहर गेला.

उतारावर कुरिंजीची झुडपं होती, आपल्या कारवीच्याच जातकुळीतली. २०१८ साली फुलली, आता २०३० साली फुलतील. ती पाहताना आमच्याकडच्या वनकुसवड्याचा सडा सारखा आठवत होता. गवताळ सडा म्हणजे आपल्या लेखी पोटखराब, रिकामी जागा. पवनचक्क्या उभ्या करा, नाहीतर खड्डे काढून रोपं लावा. एरविकुलम आणि कोयना अभयारण्य ही दोन्ही २०१२ साली एकाच जागतिक वारसा यादीत गेली, तरी गवताकडे बघायची नजर इतकी वेगळी! माझ्या मते ताहराला वाचवलं ते गवत राखणाऱ्या इथल्या नजरेनंच.

इथे मुथुवन आदिवासी वनखात्याबरोबर वणवा अडवायला जाळरेषा काढतात. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, माद्या विताना, उद्यान पर्यटकांना बंद असतं. आमच्याकडे त्याच सुमारास सड्यांवर वणवे पेटतात. परतल्यावर वनपालांना गाठून विचारणार आहे: यंदा होळीच्या आत आपल्या सड्याची जाळरेषा गावानं मिळून काढली तर?