जीप उरली, जीपनी झाली

लढाई संपली की सैनिक आपापल्या घरी जातात. पण लढाईवर आलेल्या गाड्यांचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. इतिहासाची पुस्तके तहाच्या कलमांपाशी येऊन थांबतात आणि गाड्या असतात तिथेच, चिखलात चाके रुतवून उभ्या राहतात. त्यांना मायदेशी परत न्यायचे तर जहाजाचा खर्चच डोईजड होतो. आणि नेल्या तरी तिथल्या मोटार-कारखानदारांना आपल्या नव्या मालाच्या उरावर ही सवत नकोच असते. मग त्या जिथे असतील तिथे, मिळेल त्या भावाने विकून टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे असल्या मालाला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. फिलिपाईन्समध्ये त्याला ‘सरप्लस’ म्हणतात. आणि या उरल्यासुरल्या मालावर तिथल्या राजधानीने, मनिला शहराने, आपली सारी रहदारी उभी केली.

मनिलाला जाणाऱ्या मंडळींना बहुधा तिथला समुद्रावरचा सूर्यास्त पाहायचा असतो. तो पाहावाच. पण शहराची खरी ओळख करून घ्यायची असेल तर पाठ समुद्राकडे करावी आणि रस्त्याकडे तोंड करून दहा मिनिटे उभे राहावे. लग्नाच्या वरातीतून वाट चुकून आल्यासारख्या लांबट, झगझगीत गाड्या खडखडत येताना दिसतील. पुढे पोलादी नाक, नाकावर पत्र्याचे किंवा चकचकीत मुलाम्याचे घोडे, अंगावर लाल, निळी, पिवळी वेलबुट्टी, कपाळावर कुणा संताचे नाहीतर मुलीचे नाव. मागे दार नाही. नुसता उघडा दरवाजा आणि एक पायरी. ही जीपनी. ‘जीप’ आणि ‘जिटनी’ या दोन शब्दांचे हे लग्न. अमेरिकेत चार माणसे मिळून भाड्याने जाणाऱ्या मोटारीला पूर्वी जिटनी म्हणत.

या जीपनीची जन्मकथा मात्र वरातीसारखी नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलामध्ये जपानी आणि अमेरिकन फौजांची घरोघर, गल्लोगल्ली लढाई झाली. ती महिनाभर चालली. सुमारे एक लाख नागरिक तीत प्राणाला मुकले. स्पॅनिश अमदानीतला इंत्रामुरोस हा तटबंदीचा जुना भाग जमीनदोस्त झाला. तिथल्या देवळांपैकी सान आगुस्तीनचे तेवढे उभे राहिले. १९०५ पासून शहरात विजेची ट्राम धावत होती. तिचे रूळ उखडले, डबे जळाले, आणि ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही. म्हणजे राहायला घर नाही आणि कामावर जायला वाहन नाही, अशी लाखो माणसे. आणि शेजारीच, लष्करी तळांवर, रांगेने उभ्या असलेल्या धन्याविना जीपगाड्या! गरज आणि माल यांची इतकी जवळून गाठ क्वचितच पडते.

आपण जीपला मोटार समजतो. पण अमेरिकन लष्कराच्या दप्तरी तिची नोंद ट्रक म्हणून होती. पाव टनी, चारही चाकांना जोर असलेला ट्रक. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात असे सहा लाखांवर नग बनविले. चार सिलिंडरांचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन, सपाट पत्र्याचे अंग, आणि कुणाही धडधाकट माणसाला पाना-हातोडीने खोलता येईल अशी रचना. युद्धभूमीवर सोय व्हावी म्हणून केलेली ही सोपी रचनाच पुढे मनिलाच्या लोहारांच्या पथ्यावर पडली.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपाईन्स स्वतंत्र झाले. त्याच वर्षी अमेरिकेने केलेल्या पुनर्वसनाच्या कायद्यान्वये दहा कोटी डॉलर किमतीचा उरलेला लष्करी माल नव्या सरकारच्या हवाली करण्यात आला. त्याची विल्हेवाट लावायला एक सरकारी मंडळ बसले. आणि फुकटात आलेल्या मालाभोवती जे व्हायचे तेच तिथेही झाले. वशिले, गहाळ साठे, वर्तमानपत्रांतून बोभाटा! पण या सगळ्या गोंधळातून गाड्या मात्र पाझरत पाझरत सामान्य माणसापर्यंत पोचल्या. ज्याने घेतली त्याने आधी वरचे कापडी टप काढले आणि उन्हापावसासाठी पत्र्याचे छप्पर ठोकले. मग सांगाडा मधोमध कापून लांबविला, मागच्या अंगाला समोरासमोर दोन बाके बसविली, आणि पहिला उतारू हात करून थांबवला. परवाना, आराखडा, इंजिनियर, सारे नंतर आले.

मौजेची गोष्ट अशी की जीपला नागरी वेष चढविण्याचा उद्योग खुद्द विलीज कंपनीनेही १९४५ मध्येच सुरू केला होता. शेतकऱ्याला नांगराला जुंपता येईल, बाजाराला माल नेता येईल, अशी ‘सिव्हिलियन जीप’ तिने बाजारात आणली. आपल्या मुंबईत महिंद्रांनी पुढे विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि माझगावात तिचा कारखाना चालविला. खेड्यापाड्यांतल्या मामलेदारापासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सर्वांना धुळीतून हिंडविणारी जीप ती हीच. म्हणजे एकाच लष्करी गाडीला संसाराला लावण्याचे दोन मार्ग झाले. एक कंपनीच्या कचेरीतून निघाला आणि दुसरा रस्त्याच्या कडेच्या भात्यातून. पहिल्या मार्गाने जीप सुधारली. दुसऱ्याने ती ओळखू येईनाशी झाली.

हा दुसरा मार्ग पाहायचा तर मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यासला जावे. या गावची कीर्ती आधीपासून एका वाद्यासाठी आहे. तिथल्या चर्चमध्ये दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १८२४ साली एक ऑर्गन पुरा केला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत! हाताशी धातू कमी तर बांबू घ्यावा, हा त्या पाद्र्याचा बाणा गावाच्या हवेतच मुरला असावा. कारण १९५३ साली याच गावात लिओनार्दो साराव या पूर्वाश्रमीच्या टांगेवाल्याने सातशे पेसो उसने भांडवल घेऊन जीपन्या बांधायचा कारखाना घातला. टांगा गेला, पण घोडे काही सुटले नाहीत. जीपनीच्या नाकावरचे घोडे ही त्या जुन्या ‘कालेसा’ टांग्यांची आठवण, असे तिथले लोक सांगतात. साराव यांच्या कारखान्यात जीपनीचे पाते न् पाते हातांनी ठोकले जाई. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपाईन्सने आपल्या दालनात जी वस्तू दिमाखाने मांडली, ती सारावची जीपनी होती. अमेरिकेने टाकून दिलेली गाडी वीस वर्षांच्या आत नटूनथटून अमेरिकेला माहेरपणाला गेली!

तोवर खऱ्या लष्करी जीपा झिजून संपत आल्या होत्या. मग कारागिरांनी अंग नवे घडविले, सांगाडा नवा जोडला. आणि पुढे पेट्रोल महागले तेव्हा पोटात जपानहून आलेली जुनी डिझेल इंजिने बसविली. गंमत पाहा, या जपानी मालालाही नाव तेच, ‘सरप्लस’. मनिलाच्या मकाती भागात इव्हान्जेलिस्टा नावाचा रस्ता आहे. आपल्या मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाड्यात ज्याने पाय ठेवला आहे, त्याला तिथे परके वाटणार नाही. इंजिने, गिअरपेट्या, रेडिएटर, दिवे यांच्या ओळी दुकानाबाहेर मांडलेल्या. गिऱ्हाईक वाकून वाकून तेलाचा वास घेते, बोटाने दाते चाचपते आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला हसते. उत्तरेकडे सुबिकला, जिथे १९९२ पर्यंत अमेरिकन आरमाराचा अवाढव्य तळ होता, तिथे पुढे जपानहून आलेल्या जुन्या ट्रकांचे लिलाव होऊ लागले. जपानी गाडीचे चक्र उजवीकडे आणि फिलिपाईन्सची वहिवाट अमेरिकेसारखी. म्हणून ते आधी डावीकडे आणायचे आणि मग गाडी विकायची. वापरलेल्या मोटारींच्या आयातीवर सरकारने २००२ मध्ये बंदी घातली, तरी काही प्रकारच्या अवजड गाड्यांना त्यातून मोकळीक राहिली.

जीपनीत बसण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. मागून वाकून आत शिरायचे, समोरच्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे लावून बसायचे. कंडक्टर नाही. आपले पैसे शेजाऱ्याच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, “बायाद पो.” ‘बायाद’ म्हणजे भाडे, आणि ‘पो’ म्हणजे आपला आदरार्थी ‘जी’. ते नाणे या हातातून त्या हातात असे करीत ड्रायव्हरपर्यंत जाते आणि मोड त्याच वाटेने परत येते. ड्रायव्हर एका हाताने चक्र फिरवितो, दुसऱ्याने मोड मोजतो. उतरायचे ठिकाण आले की “पारा पो!” म्हणून हाक द्यायची. पुढे पाटी असते, ‘सकाळी सुटे पैसेच द्यावेत’. ती वाचून मुंबईकराला घरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दुसरी पाटी अधिक खोचक: देवाला ठाऊक आहे, जो पैसे बुडवतो तो जूडास! १९४८ च्या १ जूनला पुणे ते नगर पहिली एस. टी. धावली तेव्हा आपल्याकडे उतारूची जबाबदारी सरकारने घेतली. मनिलात ती उतारूंनी एकमेकांची घेतली. आपल्याकडे याला जवळचे काही असेल तर ते कराड-सांगलीकडचे वडाप.

काही जीपन्यांवर आणखी एक वाक्य दिसे: ‘कातास नांग सौदी’, म्हणजे ‘सौदीच्या कष्टाचा रस’. घरातला कर्ता पुरुष अरबस्तानात राबला, त्याने पैसे पाठविले, त्यातून ही गाडी उभी राहिली. आखाती पैशातून उभी राहिलेली रत्नागिरीकडची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शब्दांचा अर्थ फोडून सांगायला नको. जीपनी विकत घेणे म्हणजे नुसता पत्रा घेणे नव्हे. तिच्याबरोबर ठराविक मार्गावर धावण्याचा परवानाही लागतो. तो नसेल तर गाडी म्हणजे रंगविलेला खटारा. ज्याच्याकडे गाडी नाही, तो मालकाची चालवतो आणि दिवसाअखेर ठरलेली रक्कम मालकाच्या हाती ठेवतो. तिला तिथे ‘बाउंडरी’ म्हणतात. त्यापलीकडे, डिझेलचा खर्च जाऊन, उरेल ते त्याचे. सगळा प्रपंच पुन्हा ‘उरेल त्या’वरच!

या प्रपंचावर आता गदा आली आहे. जीपनीचा धूर वाईट, यात वाद नाही. मनिलाच्या चौकात पाऊण तास उभे राहून रुमाल पाहावा. म्हणून २०१७ मध्ये सरकारने नवी योजना काढली. जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात, कमी धुराच्या किंवा विजेवरच्या नव्या गाड्या आणाव्यात, आणि एकेकट्या मालकांनी सहकारी संस्था स्थापून एकत्र यावे. हेतूला नावे ठेवता येत नाहीत. पण यातल्या बऱ्याच नव्या गाड्यांची किंमत २० लाख पेसोंच्या पुढे गेली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जीपनीचे पहिल्या चार किलोमीटरांचे भाडे होते तेरा पेसो. असल्या भाड्यातून वीस लाख कसे फेडायचे, हा हिशेब ड्रायव्हरांनी मांडला आणि मार्च २०२३ मध्ये ते संपावर गेले. संस्थेत सामील होण्याची मुदत वाढत वाढत ३० एप्रिल २०२४ वर आली. त्याआधी २०२० च्या साथीत जीपन्या काही महिने बंद होत्या तेव्हा ड्रायव्हर हातात पाट्या धरून रस्त्यावर मदत मागत उभे राहिले होते. काहींनी तर आपल्या जीपनीतच बिऱ्हाड केले.

डिस्पोजलच्या बाजारात एक साधा नियम असतो. विकणाऱ्याच्या लेखी जे उरलेले, ते घेणाऱ्याच्या लेखी भांडवल. लष्कराने जीप विकली तेव्हा तिचा भाव पत्रा, इंजिन आणि चार चाके पाहून ठरला. त्या वेळी तेवढेच तिच्यात होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत तिच्यात कारागिराचा हात भरला गेला, सौदीतला घाम भरला गेला, आणि अनोळखी शेजाऱ्याच्या हातून नाणे पुढे पाठविण्याचा विश्वास भरला गेला. नवी गाडी अवश्य यावी. ती थंडगार असेल, धूर कमी करील. पण जुनी जीपनी तोलकाट्यावर चढवताना भंगारवाला फक्त लोखंडाचे वजन करील. उरलेल्याचा भाव कुणीतरी ड्रायव्हरला दिला पाहिजे. नाहीतर गाडीबरोबर तोही ‘सरप्लस’ ठरेल, आणि माणसांचे सांगाडे कापून लांबविण्याची कला अजून लास पिन्यासच्या लोहारांनाही साधलेली नाही.