रंग दिला म्हणजे लपवलं?

"काकू, तुम्ही मुद्दाम रंग दिला होता ना?" हा प्रश्न मला एकटीला विचारला असता तर कदाचित मी गिळला असता. पण तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. फ्लॅट विकल्यावर मला तिथून काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांबरोबर मीही तो वाचला.

डोंबिवली पूर्वेचा वन बीएचके, बरीच वर्षं भाड्याने दिलेला. भाडेकरू गेला, एजंटने गिऱ्हाईक आणलं, एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशन झालं. एजंटने दोन्हीकडून दलाली घेतली आणि जुलैत बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आल्यावर माझा फोन उचलणं बंद केलं.

आता रंगाचं. भाडेकरू गेला की रंग काढतातच हो! खिळ्यांची भोकं, देव्हाऱ्यामागचा काजळीचा पट्टा, पोरांनी खडूने काढलेल्या आगगाड्या, हे सगळं तसंच ठेवून घर दाखवायचं का? तेव्हा याच गृहस्थांनी "घर छान ठेवलंय" म्हणून कौतुक केलं होतं. दरवाजा कुठल्या दिशेला हे त्यांनी होकायंत्र लावून पाहिलं, पण पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा किती येतो हे विचारलं नाही. घर बघायचं तर पावसाळ्यात बघावं. आणि आधीच्या भाडेकरूला गाठावं, एजंटला नाही.

त्यांनी रेराची धमकी दिली. रेरामधली दोषदुरुस्तीची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरची, तीही ताबा दिल्यापासून. आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. ओळखीच्या वकिलांनी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष सांगावाच लागतो. म्हणजे सगळं अडलं ते मला ठाऊक होतं का, यावर.

नव्हतं. पण त्यांनी जुन्या भाडेकरूला फोन लावला, आणि तो म्हणाला, दर पावसाळ्यात थोडी ओल यायची, आम्ही तिथे कपाट ठेवलं होतं. मी त्याचे सगळे मेसेज वर जाऊन वाचले. गिझर, नळ, खिडकीची जाळी, सगळ्याच्या तक्रारी होत्या. भिंतीचं एक अक्षर नाही. आमचे हे म्हणतात, डिपॉझिटमधून कापाल या भीतीने भाडेकरू असलं काही सांगत नाहीत. असेल तसं. पण मला तो कपाटाचा आडोसा अजून खुपतो, कारण त्याचा ठपका माझ्या रंगावर आला.

खरं तर बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती उपविधीनुसार सोसायटीची. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटीने माझ्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतले, विकताना ट्रान्सफरचे पंचवीस हजार घेतले. दुरुस्ती निधी मात्र कधी वाढवला नाही. मेंटेनन्स कमी म्हणून आम्ही सगळेच खूश होतो. ग्रुपवर याबद्दल कमिटीला कुणी विचारलं नाही. विकून गेलेल्या बाईला बोलणं सोपं.

एक रुपया द्यायचा नाही, असं मी घरात जाहीर केलं होतं. शेवटी भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतर बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचं कमिटीने ठरवलं, आणि आतल्या प्लास्टर-रंगाचे पैसे मी दिले. का दिले, ते मला नीट सांगता येत नाही. हे म्हणाले, पैसे देणं म्हणजे कबुली. वकीलही तेच म्हणाले. नवा मालक निदान ग्रुपवरचं ते वाक्य मागे घेईल असं मला वाटलं होतं. त्यांनी लिहिलं, "सेलरने खर्च दिला, धन्यवाद," आणि खाली भराभर अंगठे आले. मी ग्रुप सोडला.

परवा त्यांचा मेसेज आला: विजेच्या मीटरवर अजून तुमचंच नाव आहे, संमतीपत्रावर सही हवी. मी कळवलं, कागद घेऊन घरी या.