यंत्र तेच, प्रणाली नवी

यंत्राचे सारे सामर्थ्य त्याच्या धातूच्या भागांत असते, अशी सामान्य माणसाची समजूत असते. यंत्र मंद चालू लागले, की त्याला दुसरे यंत्र हवेसे वाटते. संगणकाच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे. एक तारही न बदलता तोच संगणक पूर्वीपेक्षा अधिक वेगाने काम करू लागावा, असे घडू शकते. २०१२ साली इंग्लंडमधील एका चिमुकल्या संगणकाच्या बाबतीत असे घडले. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

या संगणकाचे नाव रास्पबेरी पाय. रास्पबेरी हे एका फळाचे नाव. ‘पाय’ मात्र मराठीतला पाय नव्हे; पायथॉन या संगणकीय भाषेच्या नावाचा तो संक्षेप आहे. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील अनेक मुले बीबीसी मायक्रोसारख्या घरगुती संगणकांवर स्वतः आज्ञावली लिहून पाहत असत. पुढे संगणक घरोघरी आले, पण ते केवळ वापरण्याची वस्तू बनले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या रोडावली आणि त्यांचा पूर्वीचा सरावही उणावला. हे पाहून एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी अस्वस्थ झाले. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक असावा, या ध्यासातून एक संस्था उभी राहिली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी हा संगणक विक्रीस आला. त्याची किंमत होती अवघे ३५ डॉलर. त्याला ना पेटी, ना पडदा, ना कळफलक. बँकेच्या कार्डाएवढ्या हिरव्या पट्टीवर सारे भाग उघडे बसवलेले होते.

परंतु असा बोर्ड नुसता विकत आणून काम भागत नाही. शाळेची इमारत उभी आहे, बाके मांडली आहेत, फळे टांगले आहेत. पण वेळापत्रक नाही, घंटा नाही आणि कोणी कोणत्या वर्गात बसावे हे सांगणारा कोणी नाही, अशा शाळेची जी अवस्था होईल तीच या बोर्डाची असते. कोणत्या आज्ञावलीने केव्हा काम करावे, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावी, कळफलकावरील अक्षर कोठे पोहोचवावे, ही सारी व्यवस्था पाहणारी एक मुख्य आज्ञावली लागते. तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. रास्पबेरी पायची कार्यप्रणाली एका लहानशा एसडी कार्डावर साठवलेली असे. कार्ड बदलले, की कार्यप्रणाली बदलली.

कार्यप्रणाली एकच नसते, अनेक असतात. मग नवशिक्याने कोणती घ्यावी? अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न सुटणे कठीण. म्हणून बोर्ड तयार करणारी संस्था एका प्रणालीची शिफारस करते. तिला ठरीव प्रणाली म्हणता येईल. ठरीव प्रणाली म्हणजे ज्याला अजून निवड करता येत नाही, त्याच्यासाठी जाणत्याने केलेली निवड. हे काम वाटते तितके लहान नाही. जाणकार मनुष्य नको असलेली प्रणाली बाजूला सारून दुसरी आणू शकतो. नवशिका मात्र दिले तेच घेतो, आणि ते मंद चालले तर एकतर यंत्राला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या बुद्धीला. दोन्ही दोष खोटे; पण तेवढ्याने एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी या विद्येपासून कायमची दूर जाऊ शकते.

या बदलापूर्वी शिफारस होती ती डेबियन या प्रणालीची. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांनी घडवलेली आहे. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुन्हा वाटता येते. प्रणाली उत्तम होती, पण या बोर्डाशी तिचे पुरते जुळत नव्हते. बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा एक स्वतंत्र विभाग होता. परंतु डेबियनची जी आवृत्ती तेथे चालत होती, ती असा विभाग नसलेल्या जुन्या प्रोसेसरांनाही चालावी अशा बेताने बांधलेली होती. त्यामुळे साडेतीनला सव्वादोनने गुणायचे झाले, तर ती त्या गणिताचे पूर्णांकांच्या अनेक लहान लहान पायऱ्यांत तुकडे करी आणि मग उत्तर काढी. घरात जाते असताना मूठ मूठ दाणे खलबत्त्यात कुटावेत, तसा हा प्रकार होता. चित्रे, ध्वनी आणि खेळ यांत अपूर्णांकांची गणिते फार. तेथे हा उशीर जाणवे.

त्याच सुमारास डेबियनची एक नवी आवृत्ती तयार होत होती आणि ती अपूर्णांकांच्या विभागाचा पुरेपूर उपयोग करी. पण तिला एआरएम रचनेच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर लागे. या बोर्डाचा प्रोसेसर होता सहाव्या पिढीचा. अंगरखा एक तर आखूड, नाहीतर लांब. बेताचा एकही नाही, अशी स्थिती झाली.

हा पेच सोडवला तो संस्थेबाहेरच्या दोन माणसांनी. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन ही त्यांची नावे. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. डेबियनची संहिता सर्वांना खुली आहे, तर ती या बोर्डाच्या मापाने पुन्हा बांधता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

एवढी एक सोय हवी, तर सगळेच पुन्हा बांधण्याचे कारण काय, अशी शंका येथे येईल. आज्ञावलीचे निरनिराळे भाग एकमेकांच्या हाती संख्या देत असतात. जुन्या रीतीत अपूर्णांक पूर्णांकांच्या कप्प्यात ठेवून दिला जाई. नव्या रीतीत तो अपूर्णांकांच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवला जातो. एकाने पत्र पुढच्या दारी ठेवावे आणि दुसऱ्याने मागच्या दारी वाट पाहावी, तर पत्र पोहोचणार कसे? म्हणून अर्धे जुने आणि अर्धे नवे असे चालण्यासारखे नव्हते. प्रत्येक भाग मूळ संहितेपासून नव्याने यंत्रभाषेत उतरवावा लागला. असे संच थोडेथोडके नव्हते. ते ३५,००० हून अधिक होते! एआरएम प्रोसेसरांच्या लहान यंत्रांचा समूह जुळवून हे काम करण्यात आले आणि जून २०१२ मध्ये पहिली बांधणी पुरी झाली. रास्पबेरी आणि डेबियन या दोन नावांची सांधणी करून नव्या प्रणालीला नाव दिले गेले ‘रास्पबियन’.

जुलै २०१२ मध्ये संस्थेने आपली पूर्वीची शिफारस बदलून रास्पबियनची शिफारस केली. बोर्ड बाजारात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. ‘आम्ही निवडले तेच योग्य’ असा हट्ट संस्थेने धरला नाही आणि बाहेरच्यांचे काम म्हणून ते दूरही सारले नाही. काम चोख आहे एवढेच तिने पाहिले.

या बदलात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ओरॅकलच्या जावासारखे काही सॉफ्टवेअर त्या वेळी नव्या रीतीने चालत नव्हते. ज्यांचे काम त्यावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी संस्थेने जुन्या रीतीची एक प्रतही उपलब्ध ठेवली. बदल करताना मागे राहणाऱ्यांची आठवण ठेवावी लागते. महाराष्ट्रात मोडी लिपी मागे पडून देवनागरी सर्वत्र रूढ झाली, तरी दप्तरखान्यांतील जुने कागद मोडीतच राहिले. ते वाचण्यासाठी मोडीचे जाणकार आजही लागतात. नवी वाट पडली म्हणून जुन्या वाटेवरचे सारे प्रवासी एका रात्रीत इकडे येत नाहीत.

बोर्ड वापरणाऱ्या मुलांना मात्र फारसे कष्ट पडले नाहीत. नवी प्रणाली दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यायची, ती कार्डावर लिहायची आणि कार्ड बोर्डात बसवायचे. कार्डावर नवी प्रणाली लिहिली, की तिच्यावरचे पूर्वीचे सारे पुसले जाते. म्हणून शहाणा मुलगा नवे कार्ड घेई, जुने जपून ठेवी आणि त्यावरील आपले लेखन नव्या कार्डावर उतरवून घेई. येथे एक मौजेचा भेद दिसे. पायथॉनमध्ये लिहिलेल्या साध्या आज्ञावली नव्या प्रणालीतही बहुधा जशाच्या तशा चालत, कारण त्या मूळ अक्षरांतच साठवलेल्या असतात. यंत्रभाषेत उतरवलेली आज्ञावली मात्र सहसा चालत नसे; ती मूळ संहितेवरून पुन्हा बांधावी लागे. ज्याने मूळ संहिता जपली त्याचे काही बुडाले नाही. ज्याने केवळ तयार वस्तू ठेवून मूळ फेकून दिले, त्याला आरंभापासून लिहावे लागले.

त्यानंतरही बदल होत राहिले. २०२० मध्ये संस्थेच्या ठरीव प्रणालीला ‘रास्पबेरी पाय ओएस’ हे नाव मिळाले. २०२२ मध्ये तिची ६४ बिटांची आवृत्ती अधिकृतपणे आली; तरी पहिल्या बोर्डांना ती पेलणारी नव्हती, म्हणून ३२ बिटांचीही चालू ठेवण्यात आली.

अपूर्णांकांची गणिते करणारा तो लहानसा विभाग पहिल्या दिवसापासून त्या बोर्डावर होता. मुलांनी बोर्ड विकत घेतला तेव्हा त्याचेही मोल त्यांनी दिलेले होते; पण त्याला हाक मारणारे कोणी नव्हते. दोन माणसांनी चिकाटीने ती हाक तयार केली, आणि तीच साऱ्या नवशिक्यांच्या हाती देण्याचे शहाणपण एका संस्थेने दाखवले. वस्तूतील आणि माणसातील पुष्कळसे गुण असेच अबोल असतात. ते नाहीत असे म्हणण्यापूर्वी त्यांना कोणी नीट हाक मारली आहे काय, हे पाहणे उचित ठरते.