चाकांवरचें शेजघर

घर बांधतांना मनुष्य देवघर कुठें, स्वयंपाकघर कुठें, याचा खल करतो. निजायचें कसें, हा प्रश्न मात्र तो सहसा स्वतःला विचारीत नाहीं. मलाही तो तीस वर्षें पडला नव्हता. पडला तो गोराईस, आणि तोही एका मोटारीच्या पोटांत!

२०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून अशा फिरत्या घराचा मोह मला जडला होता. निवृत्तीच्या सुमारास एक लहानशी गाडी बांधून घ्यावी असें ठरलें. पण आधीं अनुभव असावा म्हणून एक भाड्यानें आणली. बोरीवलीहून खाडी ओलांडली कीं गोराई समोरच. परंतु होडी माणसें नेते, घरें नेत नाहीं. तेव्हां भाईंदर-उत्तनचा वळसा घालून आम्हीं सायंकाळीं एका परिचिताच्या नारळीच्या वाडींत मुक्काम टाकला.

गाडींतला बिछाना आडवा होता. आडव्या बिछान्याचा गुण हा कीं, तो लांबी थोडी खातो आणि ओट्याला, बैठकीला जागा उरते. दोष दोन. गाडीची आंतली रुंदी पावणेसहा फूट आणि माझी उंचीही तेवढीच. सबब मला प्रश्नचिन्हासारखें निजावें लागलें. दुसरा दोष मध्यरात्रीं कळला. भिंतीकडे निजलेल्या सौभाग्यवतीला मला ओलांडल्यावांचून उठतां येईना. अंधारांत गुडघा टेकवीत, श्वास आवरीत ती पलीकडे गेली.

"मला उठवायचें नाहीं का?" मीं विचारलें.

"घरीं तरी कुठें उठवतें? तीस वर्षें अशीच तर उठतें आहें," ती म्हणाली.

घरीं आमचा पलंग भिंतीला लागून. मोकळी बाजू माझी. कारण माझा दिवा तिकडे, माझीं पुस्तकें तिकडे. ही वांटणी कोणी केली? कोणीच नाहीं; म्हणूनच ती टिकली. स्त्रियांच्या दास्यावरचा मिल्लचा १८६९ सालचा ग्रंथ मीं वर्गांत मोठ्या आवेशानें शिकविला आहे!

सकाळीं टेप घेऊन मीं नवा आराखडा काढला. लांबीच्या दिशेनें दोन्ही बाजूंस एकेक बैठक, मधें दीड फुटाची वाट. प्रत्येकाला दोन फुटांहून किंचित् अधिक रुंदी. कुशीवर वळायला तेवढी पुरे. दिवसा त्यांवर बसतां येतें, खालीं सामान राहतें, आणि रात्रीं कोणी कोणाला ओलांडावें लागत नाहीं.

"म्हणजे या वयांत वेगळें निजायचें!" ती हंसली.

"वाटेवरून हात पोंचतो," मी म्हणालों. आम्हीं तेवढें अंतर राखून बसून पाहिलें. तिनें हात पुढें केला. पोंचला.

गाडी व्हायला अजून अवकाश आहे. घरचा पलंग मात्र परततांच आम्हीं भिंतीपासून दीड फूट पुढें ओढला.