चेनचे दात

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्यावरून गेले आणि घरामागचे आगर आडवे झाले. पोफळी, माड, दोन हापूस आणि वडिलांनी लावलेला फणस. वाट मोकळी करायला कुऱ्हाड पुरेना, म्हणून दादाने आणि मी मिळून चेनसॉ घेतला.

दोन दिवस मशीन केळीचा गाभा कापावा तसे चालले. तिसऱ्या दिवशी फणसाशी अडले. मी जोर लावू लागलो, तसा धूर निघू लागला. दादा म्हणाला, "अरे, जोर काय लावतोस? भुसा बघ." पायाशी पिठासारखी पूड पडत होती. धार असली की चपटे कपचे पडतात. चूक माझीच. खोडाखालून कापताना चेन जमिनीला घासली होती. दिवसभर टिकणारी धार माती क्षणात घालवते.

तालुक्याच्या दुकानातून चेनीच्या मापाची गोल कानस आणली. दात एकाआड एक डावे-उजवे असतात. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. मागे घेताना उचलायची. बहुतेक चेनींना कोन ३० अंशांचा. डाव्या दातांना तीन हात, तर उजव्यांनाही तीनच, नाहीतर कापणी एका अंगाला ओढते. सुताराच्या तिकोनी कानशीपेक्षा हे सोपे वाटले, आणि तिथेच मी फसलो.

प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने किती खोल चावायचे ते तो ठरवतो. तो दाताहून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली हवा. काम झपाट्याने उरकेल म्हणून मी ते सगळेच चपट्या कानशीने घासून काढले. दादाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टीचे टोक एका फांदीला लागले मात्र, मशीन उसळून थेट तोंडावर आले. पुढचा दांडा मनगटाला लागून मागे ढकलला गेला आणि चेन जागीच थांबली. तो दांडा त्यासाठीच असतो, हे मला तेव्हा कळले.

दादा एक शब्द बोलला नाही. मशीन गार झाल्यावर त्याने चेन काढली आणि पडवीतल्या खुंटीला टांगली. ती अजून तिथेच आहे. नव्या चेनीचे उंचवटे आता तोच मापाची पट्टी ठेवून घासतो.

पुतण्या सोळा वर्षांचा झाला, मशीन मागतो. त्याला सध्या कानस दिली आहे.