करपलेला कप

परवा ऑफिसातून आलो तर आई ओट्यापाशी माझा जपानी कप घासत होती. काथ्याने!

"कधीची घासतेय, करपलेलं निघतच नाही बघ."

मी नको तेवढा ओरडलो. "तुला काय कळतं त्यातलं" हेही बोलून गेलो. ती कप ठेवून निमूट आत गेली.

तर या कपाची गोष्ट. २०२४ मध्ये कंपनीच्या कामासाठी दोन महिने ओसाकाला होतो. एका रविवारी शिंकानसेनने ओकायामा आणि तिथून लोकलने इम्बे गाठलं. बिझेन भांड्यांचं हे गाव. घरांच्या मधूनमधून भट्ट्यांची विटांची धुरांडी डोकावतात.

इथली माती भातशेतांच्या खालून खणून काढतात. तिच्यात लोह भरपूर, आणि भाजताना ती इतकी आकसते की वर झिलई टिकत नाही. मग झिलई लावायचीच नाही! भांडी भट्टीत रचायची आणि लाल पाइनची लाकडं घालत दहा-बारा दिवस रात्रंदिवस जाळ ठेवायचा, पार १२०० अंशांपर्यंत. राख उडून भांड्यांवर बसते आणि वितळून तिची काच होते. ते ठिपके म्हणजे 'गोमा', तीळ. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालायचे, तर त्याचे तांबडे पट्टेच उमटले. त्याला 'हिदासुकी' असं झकास नाव. आमच्या भाषेत, बगचं फीचर झालं :)

आपला कुल्हड कमी आचेवरचा, म्हणून तो पाणी पितो. हा भाजून दगडासारखा होतो. झिलई नाही, तरी गळत नाही.

दुकानात मी अर्थातच सगळ्यात गुळगुळीत कप उचलला. पण म्हाताऱ्या कुंभाराने मला चहा दिला तो स्वतःच्या कपातून. एका अंगाला दबलेला, आगीकडच्या बाजूला तिळांचा खरबरीत थर, मागे नुसता तपकिरी. अंगठा त्या खोलगट जागेत आपोआप जाऊन बसला. मी हातातला परत ठेवला आणि तसला शोधला. पाच हजार येन. घरी पाचशे रुपये सांगितले.

असो. रात्री आईकडे गेलो. "आई, चुकलं. ते करपलेलं नाही गं, लाकडाची राख आहे. वितळून काच झालीय."

"राख? आम्ही चुलीतल्या राखेने भांडी घासायचो. ती वितळते होय?" तिने कप दिव्याखाली धरला, फिरवला. बराच वेळ. "किती जाळ लागला असेल रे. आणि रात्रीची लाकडं कोण घालतं?"

"पाळ्या लावतात."

"बायकासुद्धा?"

मला सांगता आलं नाही. भट्टीचं तापमान विचारलं, मातीचं विचारलं, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

आता सकाळचा चहा ती त्याच कपातून घेते. कान नाही म्हणून पदराने धरते, आणि पिते मात्र बशीत ओतून. बशी आपली नेहमीची, स्टीलची. किंमत अजून पाचशेच आहे.