बर्कलेचें क्रीडांगण

कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें, हिरव्या टेकड्यांच्या कुशींत, तेथील विद्यापीठाचें विस्तीर्ण फुटबॉल-क्रीडांगण आहे. तें १९२३ सालीं खुलें झालें. मैदानाखालून हेवर्ड नांवाची भूकंपाची भेग जाते; तिच्या दोहों बाजूंची जमीन अगदीं मंद गतीनें सरकत असते. वरच्या टेकडीवर फुकट सामना पाहणारे बसतात, म्हणून लोक तिला थट्टेनें ‘कंजुषांची टेकडी’ म्हणतात.

अलीकडे मात्र रसिकांत निराळीच भेग पडली आहे. अमेरिकेंत विद्यापीठें मंडळें स्थापून आपसांत खेळतात. १९१५ पासून बर्कले पॅसिफिक किनाऱ्यावरील शेजाऱ्यांशीं मंडळ करून खेळलें. पुढें दूरचित्रवाणीच्या द्रव्यामुळें हे शेजारी पांगले आणि २०२४ सालीं बर्कले व स्टॅनफर्ड चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळांत दाखल झालीं. तेंहि पहिलीं सात वर्षें त्या उत्पन्नाचा सुमारें ३० टक्केच हिस्सा पतकरून!

कोणी म्हणतात, मंडळ वाढलें नसतें तर पोहणें, नौकानयन अशा खेळांचा खर्च कोठून चालावा? दुसरे विचारतात, चार हजारांहून अधिक किलोमीटरवरील बोस्टनला जाणाऱ्या विद्यार्थ्यानें अभ्यास केव्हां करावा? दोघांचेंहि म्हणणें खोटें नाहीं.

स्टॅनफर्डशीं १८९२ पासून चालत आलेला सामना मात्र अद्यापि होतो. तें गांव साठेक किलोमीटरांवर. सामना पाहून प्रेक्षकाला रात्रीं घरीं जेवावयास परततां येतें. नव्या मंडळांत एवढें जवळचें दुसरें कोणी नाहीं.